निकालाचा कागद

(स्वामी रामानंद तीर्थ यांच्या स्मृतिदिनी, २२ जानेवारी २०२६ रोजी, हिंगोली येथे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



गेल्या महिन्यात हिंगोलीत, कळमनुरीत आणि वसमतला कोण निवडून आलं, हे मी आज सांगणार नाही. ते इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. कुणाला किती लीड मिळाली, कुणाचं डिपॉझिट गेलं, कोण अगदी घासून पडलं आणि कुणी कुणाला आतून मदत केली, हेही तुम्हाला माहीत आहे. शेवटच्या मुद्द्यावर तर या गावात जेवढी माणसं तेवढ्या आवृत्त्या आहेत. गुलाल आता धुऊन निघाला. तेव्हा नावं बाजूला ठेवून निकालाचा कागद तेवढा आपण जरा शांतपणे वाचू.

स्वामीजींच्या स्मृतिदिनाला नगरपालिकेचा विषय घेतला म्हणून एकदोघांनी भुवया उंचावल्या. मला त्यात काही वावगं वाटत नाही. स्वामीजींच्या हैदराबाद स्टेट काँग्रेसनं मागितलं काय होतं? जबाबदार राज्यपद्धती. म्हणजे कारभार करणाऱ्यानं लोकांना जाब द्यावा, इतकंच. तेवढ्यासाठी १९३८ साली संघटनेवर बंदी आली, स्वामीजी तुरुंगात गेले. आणि हिंगोली म्हणजे तर छावणीचं गाव. हैदराबाद कंटिन्जंटची पलटण इथे होती. पगार निजामाच्या खजिन्यातून, हुकूम इंग्रज अधिकाऱ्याचा, आणि गावकऱ्याला विचारायचा प्रश्नच नाही. पैनगंगेच्या पलीकडच्या वऱ्हाडात इंग्रजी अंमल होता. १८८२ साली लॉर्ड रिपननं स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला तो तिकडे लागू झाला, अलीकडे नाही. नदी तीच, पाणी तेच, पण मताचा अधिकार पलीकडच्या काठावर. आपल्याकडे तो यायला हैदराबाद मुक्त झाल्यावरचा, १७ सप्टेंबर १९४८ नंतरचा काळ उजाडावा लागला. आधी हैदराबाद राज्याचा नगरपालिका कायदा, मग १९६५ चा महाराष्ट्राचा कायदा. आज आपल्या तिन्ही नगरपालिका त्या १९६५ च्या कायद्यावर चालतात.

आता कागदाकडे येऊ. त्यावर पहिली गोष्ट दिसते ती तारीख.

याआधी आपण नगरपालिकेसाठी मतदान केलं ते २७ नोव्हेंबर २०१६ ला. नोटबंदीला तीन आठवडेही झाले नव्हते. सकाळी बँकेची रांग, दुपारी मतदानाची रांग, असा तो काळ. दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. तिथून पाच वर्षं मोजली तर २०२२ च्या आरंभी नवी परिषद बसायला हवी होती. राज्यघटना या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. नगरपालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून एक दिवस जास्त नाही, आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक उरकलेली हवी. ७४ व्या घटनादुरुस्तीनं १९९३ पासून हे लिहून ठेवलं आहे. प्रत्यक्षात आपण मत दिलं ते २ डिसेंबर २०२५ ला. नऊ वर्षांनी. २०१६ ला नववीत असलेलं पोर यंदा नोकरीला लागून मतदानाला आलं.

मधल्या काळात काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण त्याची सुरुवातही शेजारीच आहे. विकास किशनराव गवळी विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालय, ४ मार्च २०२१. वाद वाशीमच्या जिल्हा परिषदेतला. न्यायालयानं सांगितलं, ओबीसींना स्थानिक संस्थांत आरक्षण द्यायचं तर आधी आयोग नेमा, मागासलेपणाची आकडेवारी गोळा करा आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या वर नेऊ नका. तोवर ती आकडेवारी कुणाकडेच नव्हती. मग ती गोळा करायला बांठिया आयोग, मग प्रभागरचना कुणी करायची हा वाद, सदस्यसंख्या वाढवायची की जुनीच ठेवायची हा वाद, सरकार बदललं, कायदा बदलला, तारखा पडत गेल्या. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानंच निवडणुका घ्या म्हणून बजावलं. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न खरा होता, महत्त्वाचा होता. पण तो सुटेपर्यंत निवडणुकाच न घेण्यात कुणाला फारशी अडचण वाटली नाही, हेही खरं. निवडून आलेली परिषद नाही म्हणजे कारभार सरकारनं नेमलेल्या प्रशासकाकडे; सत्तेतल्याला तो सोयीचा. विरोधकालाही चारशे ठिकाणी तिकिटांची भांडणं मिटवत बसण्यापेक्षा मोर्चा काढणं सोयीचं.

प्रशासकाच्या काळाला सरसकट वाईट म्हणायला मी तयार नाही. घंटागाडी वेळेवर येते आणि मध्ये कुणाचा मेहुणा नाही, असं समाधान मी बऱ्याच घरांत ऐकलं. पण कागदावर काय चाललं होतं बघा. बऱ्याच ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक. ठराव मांडणार तोच, मंजूर करणार तोच, अंमलात आणणारही तोच. ठरावाच्या खाली सूचक आणि अनुमोदक अशी दोन नावं असतात ना, त्या दोन ओळी चार वर्षं नव्हत्याच. गल्लीत चार दिवस नळ आला नाही तर पूर्वी नगरसेवकाच्या दारात जाऊन त्याला चहाच्या कपावरून उठवता यायचं. प्रशासकाचं दार गल्लीत नसतं.

इथे इंग्लंडची गोष्ट सांगायला हरकत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतली मुलं तिकडे शिकायला, नोकरीला आहेत. भारतीय नागरिक तिथे रीतसर राहत असेल तर ब्रिटिश नागरिकत्व न घेताही त्याला तिथे मत देता येतं, भारत राष्ट्रकुलाचा सभासद देश आहे म्हणून. म्हणजे हिंगोलीचा मुलगा तिथल्या बरो कौन्सिलला मत देत होता आणि त्याच वर्षांत त्याच्या बापाला इथे मत द्यायला निवडणूकच नव्हती. तिकडच्या काही बरोंमध्ये चारपैकी तीन वर्षं दरवर्षी एक तृतीयांश सभासद निवृत्त होतात आणि तेवढ्याच जागांची निवडणूक होते, त्यामुळे कौन्सिल कधी रिकामं पडत नाही. मेच्या पहिल्या गुरुवारी मतदान, कागदाची मतपत्रिका, दोरीनं बांधलेली पेन्सिल. पण तिकडचं सगळंच सोवळं आहे असं समजू नका. कोविडमुळे २०२० च्या निवडणुका त्यांनी वर्षभर पुढे ढकलल्या. २०२५ मध्येही कौन्सिलांची फेररचना करायची म्हणून नऊ भागांतलं मतदान लांबणीवर टाकलं, आणि त्यावर तिथे भरपूर आरडाओरडा झाला. तो एका वर्षासाठी झाला. आपल्याकडे चार वर्षांत एवढा आवाज कुणी केला, ते आठवून बघा.

निकाल वाचण्याची तिथली एक रीत मात्र मला आवडते. मोजणी संपली की निवडणूक अधिकारी मंचावर उभा राहतो आणि प्रत्येक उमेदवाराचं पूर्ण नाव आणि त्याची मतं वाचतो. जिंकलेला, हरलेला, पंचवीस मतं पडलेला, सगळे. बाद मतपत्रिका किती, तेही सांगतो. हरलेला तिथेच उभा असतो. आपल्याकडे पहिली दोन नावं ऐकू आली की बाहेर डीजे सुरू होतो, आणि तिसऱ्याला किती पडली हे त्याला स्वतःलाच दुसऱ्या दिवशी पेपरात शोधावं लागतं.

दुसरी गोष्ट. यंदा तुम्ही प्रत्येकानं किती मतं दिली? तीन. एक नगराध्यक्षाला आणि प्रभागातल्या दोन जागांना एकेक. मशीनसमोर उभं राहून अ, ब आणि अध्यक्ष अशी तिन्ही बटणं दाबायची. एक-दोन दाबून बाहेर निघालेल्या म्हाताऱ्या बायकांना अधिकारी परत बोलावत होते, ‘आजी, अजून एक राहिलंय.’ आजी आली होती ती एकाच बटणासाठी, बाकी दोन तिला नकोच होती. पण मशीनला तिन्ही हवीत, नको असेल तर नोटा दाबा. तेव्हा त्या निकालात तीन वेगळे निर्णय आहेत. आपण सगळे मात्र तो एकच असल्यासारखा वाचतो: अमक्याचा झेंडा लागला.

तसं नसतं. याच निवडणुकीत अंबरनाथला काय झालं ते तुम्ही वाचलं असेल. नगराध्यक्षपद भाजपला मिळालं, आणि सभागृहात सगळ्यांत मोठा गट आला शिंदे यांच्या शिवसेनेचा. लोकांनी जाणूनबुजून दोन वेगळी बटणं दाबली. पुढे सभागृहातल्या आकड्यासाठी काँग्रेसच्या नगरसेवकांना बरोबर घेऊन भाजपनं आघाडी केली, काँग्रेसनं आपल्या नगरसेवकांना निलंबित केलं आणि ते भाजपमध्ये गेले. मतदार दोन हातांनी दोन वेगळ्या गोष्टी देतो आणि मग दोन्ही एका पिशवीत कशा भरायच्या यावर पाच वर्षं जातात.

हा घोळ कायद्यातच आहे, आणि त्याची जबाबदारी सगळ्या पक्षांची आहे. २००१ ला नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा ठरलं. २००६ ला ते रद्द. २०१६ ला पुन्हा थेट. २०२० ला महाविकास आघाडीनं पुन्हा नगरसेवकांमधून. २०२२ ला शिंदे सरकारनं पुन्हा थेट. पंचवीस वर्षांत पाच वेळा. जो पक्ष गावागावांत एक चेहरा उभा करू शकतो त्याला थेट निवड आवडते, ज्याच्याकडे वॉर्डावॉर्डांतली माणसं आहेत त्याला नगरसेवकांमधून. तत्त्वाचं नाव पुढे केलं जातं, हिशेब हा असतो. माझं स्वतःचं मत विचाराल तर मी थेट निवडीच्या बाजूचा आहे. सभागृहातून अध्यक्ष निवडायच्या पद्धतीत नगरसेवकांना बसमध्ये घालून सहलीवर न्यायचे, मतदानाच्या सकाळी परत आणायचे, हे आपण पाहिलं आहे. त्यापेक्षा लोकांनी निवडलेला बरा. पण एकदा ठरवा आणि वीस वर्षं हात लावू नका. इंग्लंडच्या बहुतेक बरोंमध्ये सत्ता कौन्सिलच्या नेत्याकडे असते, तो सभासदांतून येतो. मेयर गळ्यात साखळी घालून वर्षभर उद्घाटनं करतो. चांगलं की वाईट ते सोडा, पण सरकार बदललं म्हणून ती साखळी इकडून तिकडे जात नाही.

दोन सदस्यांचा प्रभाग मला पटत नाही, हे मात्र इथे सांगून टाकतो. नाली तुंबली की अ म्हणतो ब ला विचारा, ब म्हणते अ नं टेंडर अडवलं. तिकडेही एका वॉर्डात दोन-तीन सभासद असतात. पण तिथे सगळी नावं एकाच यादीत असतात आणि सर्वाधिक मतांचे वरचे दोन-तीन निवडून येतात. आपल्याकडे आरक्षणामुळे अ आणि ब या वेगळ्या जागा आहेत, शेजारी शेजारी दोन निवडणुकाच. पॅनेल म्हणून दोघं हात वर करून फोटो काढतात आणि मतदानाच्या आदल्या रात्री एकमेकांची मतं कापतात. कागदावर ते दिसतं. एकाच प्रभागात, एकाच पक्षाच्या अ आणि ब उमेदवारांच्या मतांत मोठी तफावत असेल तर समजा की आत काही घडलं आहे. हे वाचायला राजकारणी असावं लागत नाही, वजाबाकी आली म्हणजे झालं.

आता त्या एकोणीस दिवसांविषयी.

मतदान २ डिसेंबरला आणि मोजणी दुसऱ्या दिवशी, असं ठरलं होतं. ऐनवेळी आयोगाच्या लक्षात आलं की काही ठिकाणी उमेदवारी अर्जांवरच्या अपिलांचे कोर्टाचे निकाल उशिरा लागले आणि उमेदवारांना माघारीसाठी नियमातले दिवस मिळालेच नाहीत. तिथल्या निवडणुका २० डिसेंबरवर गेल्या. आपल्या जिल्ह्यातली वसमत त्यात होती. मग उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलं, एका गावाच्या निकालाचा परिणाम दुसऱ्या गावाच्या मतदानावर होऊ नये, सगळी मोजणी २१ लाच करा. झालं असं की हिंगोलीची आणि कळमनुरीची मशीन्स मतं पोटात घेऊन स्ट्राँग रूममध्ये पडून राहिली आणि इकडे वसमतला सभा चालू. न्यायालयाचं म्हणणं मला तत्त्वतः पटतं. पण त्या खोल्यांबाहेर काय चाललं होतं ते बघण्यासारखं होतं. दाराला सील, सीलवर उमेदवारांच्या प्रतिनिधींच्या सह्या, समोर पोलीस, वर कॅमेरा, आणि त्या कॅमेऱ्यावरही भरवसा नाही म्हणून समोर मंडप टाकून पाळीपाळीनं झोपणारी पोरं. राज्यात अनेक ठिकाणी हेच दृश्य होतं. डिसेंबरची थंडी, शेकोटी, मोबाइलवर पत्ते. तीन आठवडे एकमेकांचे झेंडे फाडणारी दोन पार्ट्यांची पोरं एकाच शेकोटीला बसलेली. दोघांनाही एकच संशय होता, त्यामुळे दोस्ती जमायला वेळ लागला नाही.

या मशीनला विधानसभेसारखी चिठ्ठी दाखवणारी व्हीव्हीपॅटची पेटी जोडलेली नव्हती. बहुसदस्यीय पद्धतीत ती जोडणं अवघड आहे, असं आयोग म्हणतो. असेल. पण मतं एकोणीस दिवस बंद खोलीत ठेवायची वेळ आली की या कारणाचं वजन कमी होतं. मी ईव्हीएमच्या नावानं बोंब मारणाऱ्यांतला नाही. निवडणूक हरलेल्यालाही मान्य व्हावी, यासाठी जी काही साधनं आहेत ती वापरली नाहीत तर बोंब मारणाऱ्याला आपणच भोंगा देतो.

शिवाय या निवडणुकीत फरक किती बारीक असतात ते लक्षात घ्या. आपल्याच लोकसभा मतदारसंघात २०१४ साली राजीव सातव निवडून आले ते १,६३२ मतांनी. लोकसभेला! मग प्रभागात काय असेल? पाच मतं, अकरा मतं. २०१७ च्या मुंबई महापालिकेत प्रभाग २२० मध्ये भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांना अगदी सारखी मतं पडली, चिठ्ठी काढली आणि शहा निवडून आले. तेव्हा सभागृहातल्या पहिल्या दोन पक्षांतला फरकच ८४ आणि ८२ असा होता. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये नॉर्थम्बरलंडच्या कौन्सिलमध्ये एका वॉर्डात अशीच बरोबरी झाली. तिथे काड्या ओढल्या. हुजूर पक्षाच्या हातून ती काडी गेली आणि ६७ च्या सभागृहात बहुमताला एक जागा कमी पडली. तेव्हा ‘माझ्या एका मतानं काय होतं’ म्हणणाऱ्याला तत्त्वज्ञान सांगत बसू नका, ही दोन उदाहरणं सांगा.

सातवांचं नाव निघालं म्हणून आणखी एक. कळमनुरीची पंचायत समिती, मग जिल्हा परिषद, २००९ ला विधानसभा, २०१४ ला लोकसभा, अशा पायऱ्यांनी ते चढले. घरात राजकारण होतं हे मान्य. तरी शाळा खालूनच केली. चार वर्षं ही शाळा बंद होती. नगरपालिकेच्या सभेत अर्थसंकल्पावर उभं राहून बोलणं, ठरावाला लेखी विरोध नोंदवणं, हे शिकायची दुसरी जागा नाही. त्या काळात जी पोरं पंचविशीतून तिशीत गेली ती राजकारणातलं एकच काम शिकली, बॅनर लावायचं.

बॅनरवरून आठवलं. निम्म्या जागा बायकांच्या, २०११ पासून. निकालाच्या कागदावर त्यांची नावं आहेत, मिरवणुकीत जीपवर त्या उभ्याही होत्या. पण हार कुणाच्या गळ्यात जास्त होते ते बघितलंत का? अभिनंदनाच्या फलकावर निवडून आलेल्या बाईंचा फोटो एवढा आणि शेजारी नवऱ्याचा, दिराचा, सासऱ्याचा त्याहून मोठा. ‘नगरसेवकपती’ हे पद कायद्यात कुठेही नाही, तरी गावात त्याला मान आहे. यात हसण्यासारखं बरंच असलं तरी मी एक बदलही पाहतो आहे. बचत गटाचं रजिस्टर दहा वर्षं लिहिलेल्या काही बायका यंदा उभ्या होत्या. त्यांना दरपत्रक वाचता येतं. त्यांच्या नवऱ्यांना फलक लावू द्या, सभेत सही कोण करतं आणि सहीआधी कागद कोण वाचतं, एवढं बघू.

नोटाचा रकानाही वाचा. महाराष्ट्रात २०१८ पासून नियम आहे की स्थानिक निवडणुकीत नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तर कुणीच निवडून येत नाही, फेरनिवडणूक घ्यावी लागते. पण जिथे निवडणूक बिनविरोध होते तिथे नोटा दाबायलाही मशीन नसतं. यंदा धुळे जिल्ह्यात दोंडाईचाची अख्खी परिषद नगराध्यक्षासह बिनविरोध आली. त्याला काही लोक एकोपा म्हणतात. हजारो मतदारांच्या शहरात एकालाही दुसरं मत नाही, असा एकोपा मी तरी कुठल्या घरातही पाहिलेला नाही.

आता निकालानंतरचं. गट नोंदणी जिल्हाधिकाऱ्यांकडे झाली की १९८६ चा पक्षांतरबंदीचा कायदा लागू होतो, म्हणून ती नोंदणी होईपर्यंतचे दिवस हेच बाजाराचे दिवस. उपाध्यक्ष नगरसेवकांमधून निवडला जातो. मग स्वीकृत सदस्य. कायद्याची कल्पना अशी होती की पालिकेच्या कारभाराची जाण असलेली माणसं, डॉक्टर, अभियंता, वकील, यांनी निवडणूक न लढवता सभागृहात यावं. प्रत्यक्षात पडलेला उमेदवार, तिकीट न मिळालेला बंडखोर आणि खर्च केलेला कार्यकर्ता यांची सोय तिथे लागते. निकालाच्या कागदावर लोकांनी ज्याला नाकारलं तो महिन्याभरात मागच्या दारानं खुर्चीत दिसला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. पण विचारा.

हे सगळं मी नगरपालिकांबद्दल बोललो. जिल्ह्याच्या तीन शहरांना निकाल मिळाला. औंढा नागनाथ आणि सेनगावच्या नगरपंचायतींची निवडणूक आधीच, २०२१-२२ च्या हिवाळ्यात झाली होती. गेल्या आठवड्यात नांदेड, परभणीच्या महापालिकांचे निकालही लागले. आणि ५ फेब्रुवारीला राज्यातल्या बारा जिल्हा परिषदांसाठी मतदान जाहीर झालं आहे. त्यात परभणी आहे, हिंगोली नाही. पन्नास टक्क्यांच्या मर्यादेचा प्रश्न कोर्टात आहे म्हणून बाकीच्या थांबल्यात. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा निघालेला आपला जिल्हा. त्याच्या जिल्हा परिषदेत मार्च २०२२ पासून एकही निवडून आलेला माणूस नाही. पूर्णा नदीच्या अलीकडे, आपल्या जिल्ह्यात, शाळेचे पत्रे उडाले तर तक्रार अजून साहेबांच्या केबिनबाहेर चिठ्ठी पाठवून, बाकावर बसून करावी लागते. नदीच्या पलीकडच्या, परभणीतल्या गावात उमेदवार दारात येऊन विचारतोय, पत्रे किती लागतील.